पाण्याची साक्ष

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ऋषीच्या कुळाविषयी मला काही म्हणायचे नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण नदीच्या मुळाविषयी मात्र अलीकडे माझे मन या म्हणीला मान डोलवायला तयार होत नाही.

म्हण वाईट आहे असे नव्हे. तिच्यात एक सभ्यता आहे. दिवाळीच्या दिवसांत दारी पाहुणा आला, की फराळाचे ताट मागाहून येते. आधी येते ते पाणी. आमच्या झाडीपट्टीत घरात दुसरे काही असो नसो, गडवाभर पाणी पाहुण्यापुढे ठेवल्यावाचून बोलण्याला आरंभ होत नाही. आणि पाहुणाही तो गडवा तोंडाला लावताना हे पाणी कोठले, केव्हा भरले, कोणी तपासले, असे विचारीत नाही. विचारले तर यजमानाच्या जिव्हारी लागेल. घेणाऱ्याने विचारू नये, हे ठीकच आहे. परंतु देणाऱ्याचे काय? गुंडातून गडव्यात पाणी ओतणाऱ्या हाताला तरी ते पाणी कसे आहे हे ठाऊक असावे की नाही? आणि समजा ठाऊक झाले, ते पाणी वाईट निघाले, आणि जवळपास दुसरे पाणीच नसले, तर? तर ते सांगावे की गप्प बसावे?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. शाळेत मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. रसायनशास्त्राचा अधिकार मी सांगत नाही. पण हा प्रश्न रसायनाचा नाहीच. रसायन पाण्यात काय आहे एवढे सांगून मोकळे होते; ते कळल्यावर कसे वागावे, हे सांगण्याची जबाबदारी ते तुमच्याआमच्यावर टाकते.

चंद्रपूर शहराची जन्मकथाच मुळी पाण्याची आहे. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला गेला असता तो तहानेने व्याकूळ झाला, झरपटीच्या कोरड्या पात्रात त्याला एका खळग्यात पाणी दिसले. ते तो प्याला, त्याने तोंड धुतले, आणि त्याच्या अंगावरच्या गाठी गेल्या, असे सांगतात. राणीने ती जागा शोधून काढली, तेथे अचलेश्वराचे देऊळ झाले आणि भोवती नगर वसले. कथा खरी किती, हे इतिहासकारांनी पाहावे. मला तिच्यातली एकच गोष्ट मौजेची वाटते: त्या काळी पाण्याची परीक्षा शरीरावर होत असे. प्यायल्यावर बरे वाटले तर पाणी चांगले, पोट बिघडले तर वाईट. आपली जीभ, आपले डोळे, आपले पोट हीच आपली प्रयोगशाळा होती. आणि खरे सांगायचे तर बहुतेकांची अजूनही तीच आहे.

पण ही प्रयोगशाळा कच्ची आहे. आमच्या भागात लोखंडाचे दगड आहेत. काही हातपंपांचे पाणी थोडा वेळ ठेवले की तांबूस होते, भात काळपट दिसतो, चव गंजासारखी लागते. असले पाणी बायका नाक मुरडून ओतून देतात. वास्तविक लोहाने पाणी बेचव होते, भांडी डागाळतात. पण त्याने सहसा कोणाचे हाड वाकत नाही. उलट दुसरा एखादा पंप असतो, ज्याचे पाणी काचेसारखे नितळ, थंड, चवीला गोड. त्याच्यापुढे भांड्यांची रांग लागते. आणि नेमके त्या पाण्यात फ्लोराइड असू शकते, ज्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळ्यांनी नापास केलेले पाणी निरुपद्रवी, आणि जिभेने पहिल्या वर्गात उत्तीर्ण केलेले पाणी घातक! चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. हे दुःख आमचे एकट्याचे नाही. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात या विकाराची आपल्या देशातली पहिली नोंद झाली, आणि त्यानंतर कितीतरी जिल्ह्यांची नावे त्या यादीत चढली.

शाळामास्तराला हा विकार वैद्याच्याही आधी दिसतो. तो दातांवर दिसतो. मुलाच्या हिरड्यांखाली पक्के दात घडत असतात, त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पाण्यातून फ्लोराइड जास्त गेले, तर दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत. वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात जात राहिले, तर पुढे हाडे आणि सांधे ताठरतात. माणसाला मान वळवणे, खाली बसणे कठीण होते. वर्गात विनोद सांगितला की काही मुली ओठ मिटून हसतात किंवा तोंडावर हात धरतात. पाहुण्यांना तो विनय वाटतो. तो विनय नसतो.

याला उपाय म्हणून पाणी उकळावे, तर तोही चालत नाही. उकळल्याने जंतू मरतात; फ्लोराइड मरत नाही, कारण ते जिवंतच नाही. उलट वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. ‘आम्ही उकळून पितो’ हे वाक्य आपण किती निश्चिंत मनाने म्हणतो! एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटाला खतपाणी घालतो. म्हणूनच नुसती काळजी घेणे पुरत नाही; कशाची काळजी घ्यायची ते आधी कळावे लागते.

येथे कोणी विचारील, की मग हे पंप बसवले तरी कशाला? तर त्याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला नारू ठाऊक होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, त्या पाण्यातल्या बारीक जीवांबरोबर नारू पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून दोरीसारखा बाहेर पडायचा. पटकी तर गावेच्या गावे रिकामी करी. लंडनसारख्या शहरात १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने मृतांची घरे नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाकडे बोट दाखवले. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पटकीचे जंतू रॉबर्ट कॉखने ओळखले ते पुढे तीस वर्षांनी. पण पाणी दोषी आहे हे आधीच कळले होते. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर खोल विंधनविहिरी आणि हातपंप गावोगाव आले. उघडे पाणी गेले, झाकलेले आले. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला. २००० साली आपला देश नारूमुक्त ठरला. हे लहान काम नव्हे. ज्यांनी ते पंप बसवले त्यांना दोष देणे कृतघ्नपणा होईल. पण वरच्या पाण्यातला जंतू टाळण्यासाठी आपण खाली गेलो, तेव्हा खालच्या खडकाने आपल्या पदरचे काही त्या पाण्यात मिसळून ठेवलेले होते. प्रत्येक पिढीला आपले पाणी नव्याने तपासावे लागते. वडिलांच्या वेळचा निकाल मुलाला चालत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. लंडनमध्ये एका पंपाचा दांडा काढला, तर दोन गल्ल्यांपलीकडे दुसरा पंप होता. आमच्या जंगलातल्या गावात पंप एक, फार तर दोन.

अशाच एका गावात पाणी तपासायचे संच आले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत दर गावी पाच बायकांना अशी तपासणी शिकवावी, असे ठरले आहे. नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे, आलेला रंग कागदावरच्या रंगांशी ताडून पाहायचा. एका पंपाचा रंग वाईट आला. मोठ्या प्रयोगशाळेत नमुना गेला, तेथेही तेच ठरले. आणि पंपाच्या दांड्याला लाल रंग फासला गेला. मी त्या दिवशी तेथे होतो. एक म्हातारी आपला गुंड घेऊन आली, तिने लाल दांड्याकडे पाहिले आणि मला विचारले, “गुरुजी, रंग त लावला, आता प्याचं का?” आमच्या बोलीत ‘का’ म्हणजे ‘काय’. तिला पाणी पिऊ की नको हे विचारायचे नव्हते. प्यायचे ते काय, हे विचारायचे होते.

त्या एका ‘का’भोवती गावात पुष्कळ वाद झाला. एक शिकलेला तरुण म्हणाला, ज्याला औषध देता येत नाही त्याने रोग सांगू नये. काल ही म्हातारी सुखाने पाणी पीत होती, आज भीत भीत तेच पाणी पिते आहे. तुमच्या ज्ञानाने तिची तहान भागली नाही, झोप मात्र गेली. दुसरा म्हणाला, गावाचे नाव खराब होईल, येथल्या पोरींना मागणी कोण घालील? हे दोन्ही आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ते आईबापांचे आक्षेप आहेत.

इब्सेनने १८८२ साली एक नाटक लिहिले. त्यात एका गावच्या आरोग्यस्नानाचे पाणी दूषित असल्याचे एक डॉक्टर शोधून काढतो, आणि गाव त्यालाच लोकशत्रू ठरवते. सत्यजित राय यांनी त्यावरून ‘गणशत्रू’ हा चित्रपट केला, तेव्हा स्नानगृहाच्या जागी देवळातले चरणामृत आले. तेथे सत्याच्या आड येतो तो कोणाचा तरी फायदा. डॉक्टर कोणत्या बाजूला आणि आपण कोणत्या बाजूला, हे प्रेक्षकाला लगेच उमगते. आमच्या गावात मात्र त्या पाण्यावर कोणी पैसा मिळवीत नव्हता. येथे सत्याचा फटका धनवंताला बसत नव्हता, तहानलेल्या म्हातारीलाच बसत होता. म्हणून हा प्रश्न नाटकातल्यापेक्षा अवघड आहे.

मी पुष्कळ विचार केला, आणि मला वाट सापडली ती एका रूक्ष सरकारी तक्त्यात. पिण्याच्या पाण्याचे जे भारतीय मानक आहे, त्यात फ्लोराइडपुढे एक नव्हे, दोन आकडे आहेत. पहिल्या रकान्यात लिटरला १ मिलिग्रॅम: एवढे स्वीकारार्ह. दुसऱ्या रकान्यात १.५ मिलिग्रॅम: दुसरा स्रोत नसेल तर एवढे चालवून घ्यावे. दीड मिलिग्रॅम म्हणजे किती? हजार लिटरच्या टाकीत अवघे दीड ग्रॅम, चिमूट-दोन चिमूट. क्षारांपुढे दोन आकडे, ५०० आणि २०००. कठीणपणापुढे दोन, २०० आणि ६००. नायट्रेटपुढे मात्र एकच, ४५. तेथे सवलत नाही.

प्रथम मला या दोन रकान्यांचा राग आला. दात काही तक्ता वाचून पट्टे उमटवीत नाहीत. दुसरा स्रोत नाही म्हणून हाडे सवलत देत नाहीत. एकाच देशातल्या दोन मुलांसाठी दोन मापे कशी? पण शांतपणे पाहता त्यात लबाडी नाही. पाणी नसणे हे थोड्या वाईट पाण्याहून वाईट. हे ज्याने तहान पाहिली आहे त्याला पटेल. तेव्हा दुसरा रकाना ही एक तडजोड आहे, आणि तडजोड करणे पाप नव्हे. पाप आहे ते तडजोडीला नियम समजण्यात. ‘दुसरा स्रोत नसेल तर’ एवढे तक्ता सांगतो. पण किती वर्षे नसेल तर, हे सांगत नाही. तो आकडा ज्याचा त्याने घालायचा आहे. दुसरा रकाना म्हणजे उसनवारी आहे. आणि उसने घेतलेले परत करण्याची तारीख असावी लागते.

मला वाटते, त्या तरुणाच्या आक्षेपाचे उत्तर येथे आहे. पाणी वाईट आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, तोवर दुसरा स्रोत नसणे हे नशीब होते. ते कळल्या क्षणापासून ते नशीब राहिले नाही, कोणाचे तरी काम झाले. ज्ञानाने म्हातारीची तहान भागवली नाही हे खरे. पण तिच्या प्रश्नाला पत्ता दिला. पूर्वी ती देवाला विचारीत असती. आता ती गुरुजीला विचारते, उद्या ग्रामसभेत विचारील. न सांगणारा तिची झोप वाचवीत नव्हता. ज्यांचे ते काम होते, त्यांची झोप वाचवीत होता. आणि मुलींच्या लग्नांचे म्हणाल, तर पट्टे लपत नाहीत. लपते ते एवढेच, की दोष मुलीचा नसून पाण्याचा आहे.

शिवाय कळले की करण्यासारखे काही ना काही सापडतेच. लाल पंप धुण्याभांड्यांना पुरतो. प्यायला आणि रांधायला लागते ते पाणी घरटी दोन-चार गुंड. त्या गावाने एक जुनी उथळ विहीर उपसली. उथळ पाण्यात फ्लोराइड बहुधा कमी असते, पण जंतूंचे भय अधिक; म्हणून तेथे टीसीएलची भुकटी टाकणे आले, आणि क्लोरिन टिकले की नाही हे पाहणे आले: नळीत ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळे दिसले पाहिजे. जंतू पाहण्यासाठी १९८२ साली ग्वाल्हेरच्या संशोधकांनी दाखवलेली एक साधी बाटली आहे; पाणी भरून उबेला ठेवली आणि एक-दोन दिवसांत काळी पडली, तर पाण्यात मैला मिसळतो आहे असे समजावे. आणि विहिरीचे पाणी कमी, तेव्हा आधी कोणाला द्यायचे? याही प्रश्नाला ज्ञानाने उत्तर दिले: ज्यांचे दात अजून घडत आहेत त्यांना, आणि पोटुशी बायांना. म्हातारीने स्वतःच ते मान्य केले. माहे न दात राहिले न चिंता, असे ती म्हणाली तेव्हा सगळे हसले. ओठ न मिटता हसले.

तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची एक रीत आमच्या शेजारच्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने शोधली आहे. ती चालते, पण रोज कोणी तरी ती चालवावी लागते. यंत्र बसवण्याच्या दिवशी हार-नारळ असतात. चाळणी बदलण्याच्या दिवशी कोणी नसते. शहरांत तर आणखी एक गोष्ट घडते. ज्याच्या घरी शुद्धीकरणाचे यंत्र आले, त्याच्या तोंडचा प्रश्न गेला. त्याचे पाणी चांगले झाले याचा मला आनंद आहे; पण नळाला येणारे पाणी सगळ्यांचे होते, तोवर त्याविषयी ओरडणारा तो शिकलेला माणूस होता. आता तो ओरडत नाही, आणि ज्याच्याकडे यंत्र नाही त्याचा आवाज एकटा पडतो.

आपण पाण्याची परीक्षा कधी केलीच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आपण फार कडक परीक्षा केली. फक्त ती पाण्याची केली नाही, पिणाऱ्याची केली. १८६८ साली जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी हजारो माणसे घेऊन जावे लागले. पाण्यात काय आहे हे न पाहता, त्याला कोणाचा हात लागला हे आपण शतकानुशतके पाहत आलो. आणि पाणी डोक्यावर वाहून आणणाऱ्या बाईला तर ते चांगले की वाईट, हे कोणी विचारलेच नाही. आज तीच बाई काचेची नळी उजेडात धरून निकाल सांगते, आणि त्या नळीला पाणी कोणाच्या हातून आले हे कळत नाही. मला हे चित्र फार मोठे वाटते. अट एकच, की तिचा निकाल कपाटातल्या फायलीत न जाता पंपाशेजारच्या फळ्यावर लिहिला जावा.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात हा विषय काढला, याचा राग मानू नका. अभ्यंगस्नानाचे पाणी तापत असताना घरातल्या कोणी तरी एक प्रश्न मनाशी करावा, एवढेच मागणे आहे: आपल्या गावच्या पिण्याच्या पाण्याची शेवटची तपासणी केव्हा झाली? रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, असा साधा दंडक आहे. पावसाळा नुकताच सरला आहे. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन तो कागद मागायला पैसा पडत नाही. कागद मिळाला, तर दोन रकान्यांपैकी आपले पाणी कोणत्या रकान्यात बसते ते पाहावे. आणि दुसऱ्या रकान्यात बसत असेल, तर किती वर्षांपासून, हेही विचारावे. दिवाळीनंतर शाळा उघडली, की मी माझ्या वर्गाला हेच काम देणार आहे. पाहुण्याने पाण्याचे मूळ विचारू नये हे मला अजूनही मान्य आहे. त्याला ते विचारावे लागू नये, म्हणून यजमानाने आधीच शोधून ठेवावे.